पुरचुंडीचा रस्सा

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात त्याने पस्तीस वर्षं डाव हलवला, पण तिथे त्याला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. सगळे म्हणत, पुरचुंडी. कुणा रोग्याला कांदा वर्ज्य, कुणाला लसूण वर्ज्य, आणि बेचव पाणी पुढ्यात आलं की मंडळी तोंड फिरवणार. मग हा गडी काय करायचा? कांदा-लसूण ठेचून पातळ फडक्यात बांधायचा, ती पुरचुंडी उकळत्या रश्श्यात तासभर सोडायचा आणि वाढण्याआधी पिळून बाहेर काढायचा. "चव राहिली, कांदा गेला!" असं म्हणून मिशीला पीळ. एकदा एका म्हाताऱ्याने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. परिचारिका म्हणाली, "आजोबा, पथ्य आहे ना?" म्हातारा म्हणाला, "आहे की. म्हणून तर तिसरीवर थांबतोय!"

निवृत्त झाल्यावर तो दर मोठ्या सुट्टीत थोरल्या बहिणीकडे जाऊ लागला. ताई घरीच शिवणकाम करायची. ऐन तिशीत तापात तिचे दोन्ही कान गेले. जीभ मात्र शाबूत, आणि ती कानांच्या वाटणीचंही बोलून घ्यायची. समोरच्याचे ओठ बघून तिला सगळं कळे. अडायचं ते भावापाशी, कारण त्याची मिशी खालच्या ओठापर्यंत उतरलेली.

"ते छप्पर काढ आधी, मग बोल माझ्याशी," ती म्हणायची.

हा पाटीवर लिहायचा, "छप्पर काढलं तर घर गळेल."

ताईचे कान म्हणजे घंटी. तांबूस रंगाची कुत्री, एका कानाला खाच. दारावर टकटक झाली, कुकरची शिट्टी झाली की धावत मशीनपाशी यायची आणि ताईची डावी बाही दातांत धरून हलकेच ओढायची. ताईच्या प्रत्येक कपड्याच्या डाव्या बाहीला रफू असे, तो त्यामुळे.

त्या वर्षी सुट्टीला दोन्ही लेकी, जावई, नातवंडं, सगळे आले. चार दिवस घरात मेजवानी. कपाटाच्या दारावर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली यादी चिकटवलेली होती. कुत्र्याला काय घालू नये : कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, शिजवलेली हाडं. काय चालेल : साधा भात, उकडलेलं बिनहाडाचं मांस, गाजर, भोपळा. पुरचुंडीने यादी दोनदा वाचली आणि हुकूम सोडला. केक वरच्या फळीवर गेला, बेदाण्यांचा डबा कुलपात गेला. जावयाने ताटातलं हाड टेबलाखाली सरकवलं, तर याने जावयाच्या मनगटावर पळी मारली. "मोडून घशात रुतेल! तुम्हाला चालेल का?" जावई ओशाळून हसला.

घंटीसाठी त्याने वेगळं पातेलं चढवलं. पहिल्या घासाला तिने नुसता भात हुंगला आणि मान वळवली. हे तोंड फिरवणं तो पस्तीस वर्षं बघत आला होता. हात आपोआप फडक्याकडे गेला. चार दिवस, दोन्ही वेळा, पुरचुंडी उकळून पिळून काढलेला रस्सा आणि त्यात भात. घंटी पातेलं चाटून लख्ख करायची. "रोगी खूश," तो म्हणायचा.

मंडळी परत गेली. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक बाई दार ठोठावून ठोठावून निघून गेली. पुरचुंडी बाजारातून येताना त्याच बाईने त्याला वाटेत गाठून हे सांगितलं. घरात ताई मशीन चालवत होती, आणि घंटी तिच्या पायाशी जीभ बाहेर काढून धापा टाकत पडली होती. हिरड्या धुतलेल्या फडक्यासारख्या पांढऱ्या. अंगणात तिने केलेली लघवी काळ्या चहासारखी.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या तोंडाला मास्क होता, त्यामुळे ताईला काही वाचता येईना. बोलणं झालं ते भावाशी.

"कांदा खाल्लाय का हिने?"

"छे! एक तुकडा निघाला तरी मिशी उतरवीन." आणि त्याने मोठ्या तोऱ्यात पुरचुंडीची रीत सांगितली.

डॉक्टरीणबाईंनी घंटीची हिरडी बोटाने दाबून बघितली. "काका, तुम्ही काढून टाकलात तो चोथा. कांदा पाण्यात उतरला. त्याने हिच्या रक्तातल्या पेशी फुटताहेत."

आचारी माणूस तो. चव पाण्यात उतरते, त्यासाठीच तर पुरचुंडी बांधायची! हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याच्या डोळ्यांपुढून इस्पितळातल्या वाट्या एकेक करून जाऊ लागल्या.

"काय म्हणाल्या रे?" ताईने विचारलं.

त्याने पाटीवर लिहिलं, "वय झालंय. रक्त कमी आहे."

"सातव्या वर्षी वय?" ताई म्हणाली. त्याने खडू खिशात घातला.

औषधं झाली, सलाईन झालं. दोन दिवस घंटी कोपऱ्यात पडून होती. तिसऱ्या दुपारी दारावर टकटक झाली. दार उघडायला तो उठणार, तेवढ्यात घंटी उठली. पाय लटपटत होते. भिंतीला घासत मशीनपर्यंत आली, मान उचलून बाही शोधली. ती काही तिला गाठता आली नाही. ताईच्या पावलावर हनुवटी ठेवून ती खाली बसली. ताईने मशीन थांबवलं. दाराबाहेरचा माणूस अजून वाजवत होता. घंटी पुन्हा उठली नाही.

सकाळी ताई मशीनवर बसली तेव्हा भाऊ समोर, खिडकीच्या उजेडात येऊन बसला. मिशी नव्हती. वरचा ओठ उघडा पडून म्हाताऱ्या बाईसारखा दिसत होता. पाटी त्याने आणली नव्हती.

"ताई," तो सावकाश, एकेक शब्द सोडवत म्हणाला, "मी मारली तिला. पुरचुंडी माझी होती. वय झालं असं मी खोटं लिहिलं."

ताईने त्याचे ओठ शेवटपर्यंत वाचले. मग मान खाली घालून सुईत दोरा ओवू लागली. तीनदा चुकला.

दारावर टकटक झाली. तो उठून तिच्याजवळ गेला, आणि काय करावं ते न सुचून त्याने तिची डावी बाही चिमटीत धरून ओढली.

तिने हिसडा देऊन बाही सोडवून घेतली. मग उठली आणि दार उघडायला गेली.