अर्ध्यावर तुटलेल्या झिपमधली गाणी

हमरापूरची प्रतिक्षा शाळेत असल्यापासून वडिलांच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्तींना डोळे आखायची. हात स्थिर होता, तेव्हा ही पोर याच कामात राहणार, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. पण पेणच्या कॉलेजात तिला कॉम्प्युटरची गोडी लागली आणि शिक्षण संपल्यावर ती रोह्याला एका छोट्याशा ऑफिसात नोकरीला लागली. सकाळी दिवा-रोहा गाडी, संध्याकाळी परत. ऑफिस रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात, सॅमसन अष्टमकर नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या घराच्या माडीवर. सॅमसनकाका खाली एकटेच राहायचे. गावातली इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी एकेक करून इस्रायलला निघून गेली होती, काका तेवढे राहिले होते.

ऑफिसचं काम कारखान्यांसाठी चाले. तिथल्या मशीनच्या नोंदी रोज झिप होऊन, म्हणजे एकाच फायलीत दाबून बांधलेल्या यायच्या, एकेका झिपमध्ये शेकडो फायली. प्रतिक्षा नवीन होती तेव्हा ती सगळं उलगडून एका फोल्डरमध्ये ओतायची आणि मग हवं ते शोधत बसायची. तिच्या शेजारी बसणाऱ्या अक्षयनं एकदा ते पाहिलं.

"अगं, सगळं कशाला बाहेर काढतेस? तयार कोडची लायब्ररी हाय ना," तो म्हणाला आणि पायथनमध्ये त्यानं चार ओळी लिहून दाखवल्या.

झिप मिटलेलीच राहिली. आतल्या फायलींची नावं मात्र पडद्यावर सरसर उतरली. त्यातल्या एकीला नावानं हाक मारली, तर तेवढीच उलगडून समोर आली. बाकीच्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. प्रतिक्षा बघतच राहिली. पुढे तेच काम तिच्या रोजच्या सवयीचं झालं, पण ते नवल काही ओसरलं नाही. गच्च दाबून शिवलेल्या गोणीतल्या एकाच दाण्याला हाक मारावी आणि त्यानं आतून ओ द्यावी, तसं तिला दर वेळी वाटायचं.

एका दुपारी सॅमसनकाका जिना चढून वर आले. हातात पेनड्राइव्ह.

"प्रतिक्षा, येवढं बघतेस का गो? माझी बहीण हाय याच्यात."

त्यांची बहीण रेचल लग्नानंतर इस्रायलला गेली ती तिकडचीच झाली. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि फोनवर ती हटकून एखादं गाणं म्हणायची. लग्नातली, मेंदीची, पाळण्याची जुनी मराठी गाणी. शेवटी शेवटी तिच्या नातीनं, लीयानं, तिला समोर बसवून ती सगळी गाणी रेकॉर्ड केली आणि झिप करून काकांना धाडली. काकांनी ती पेनड्राइव्हवर उतरवून ठेवली.

"तवा उघडलीच नाय," काका म्हणाले. "ती सोता गायची, मंग फायल कशाला ऐकू? आता ती नाय, तर ही उघडत नाय."

पेणच्या कॉम्प्युटरवाल्या दुकानदारानं फाइल खराब आहे, काढून टाका, असं सांगितलं होतं. लीयाचा लॅपटॉप मधल्या काळात बंद पडला होता आणि पाठवलेल्या लिंकची मुदतही केव्हाच संपली होती. जे काही उरलं होतं ते या पेनड्राइव्हवर.

प्रतिक्षानं आपल्या रोजच्या चार ओळी चालवल्या. लायब्ररीनं उत्तर दिलं: ही झिप फाइलच नाही.

अक्षयनं वाकून पाहिलं. "डाउनलोड मधेच तुटलाय. आत काय काय आहे त्याची यादी झिपच्या शेपटीला असते आणि लायब्ररी आधी शेपूट बघते. शेपूटच आलं नाय, तर ती बिचारी काय करणार?"

पेनड्राइव्ह टेबलावरच ठेवून काका कठड्याला धरून खाली उतरले.

प्रतिक्षाच्या मनातून ते जाईना. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा बाजूला सारला आणि लायब्ररीच्या आतलाच कोड वाचायला घेतला. आजवर तिनं लायब्ररीला फक्त कामाला लावलं होतं. ती आत काय करते हे कधी विचारलं नव्हतं. वाचता वाचता ती एका जागी थबकली. शेपटीला यादी असते हे खरं, पण आतली प्रत्येक फाइल आपल्या तोंडाशी आपलं नाव पुन्हा घेऊन बसलेली असते. आधी पी आणि के ही दोन अक्षरं, दोन बारीक खुणा, मग आकार, मग नाव. ज्यांनी कोणी ही रचना केली, त्यांनी यादी हरवली तरी वस्तू निनावी होऊ नये एवढी काळजी घेतली होती.

तिनं ती तुटकी फाइल कच्चीच उघडली. पडद्यावर नुसता अगम्य चिन्हांचा चिखल. ती खाली खाली सरकत गेली आणि त्या चिखलात इंग्रजी अक्षरांत एक शब्द स्वच्छ दिसला: मेंदी.

ती ओरडली, "अक्षय, हिकडं ये! आत हाय रे, सगळं आत हाय!"

मग तिनं प्रोग्राम लिहिला. खूण शोधायची, नाव वाचायचं, पुढचा तुकडा उचलायचा आणि लायब्ररी ज्या साधनानं फायली उलगडते त्याच साधनाच्या हाती द्यायचा. पहिल्यांदा नुसती खरखर निघाली, कारण नावाची लांबी मोजण्यात ती चुकली होती. ते सुधारलं. प्रत्येक फायलीसोबत एक पडताळणीचा आकडा असतो. तोही तिनं ताडून पाहिला. जुळला. म्हणजे समुद्रापलीकडे एका स्वयंपाकघरात म्हटलेलं गाणं जसंच्या तसं अष्टमीला पोचलं होतं, एका कणाचाही फरक न होता. ती कितीतरी वेळ त्या आकड्याकडे पाहत बसली. मूर्तीच्या डोळ्यात बुबुळ भरलं की ती मूर्ती आपल्याकडे बघू लागते, तेव्हा जे वाटायचं, तेच आत्ता वाटलं.

गाणं तिनं वर ऐकलं नाही. लॅपटॉप तसाच उचलून ती खाली गेली.

काका ओसरीवर बसले होते. तिनं लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवून गाणं लावलं. आधी भांड्याचा आवाज आला, मग एक पोरगी हसली, आणि मग थकलेला पण सुरात असलेला आवाज लागला:

"मेंदी वाटली पाट्यावरी,
वास गेला गो वेशीपारी..."

"रेचल," काका एवढंच म्हणाले. पुढची सगळी गाणी त्यांनी डोळे मिटून ऐकली. एका गाण्याआधी ती म्हणाली, "सॅमसनला हे येत नाय, तो नुसता ताल धरायचा." काका रडता रडता खुदकन हसले.

शेवटचं गाणं अपुरं होतं. तिथंच फाइल तुटली होती. "नवरी बसली ओस..." आणि आवाज थांबला.

"पुढचं नाय आलं, काका," प्रतिक्षा ओशाळून म्हणाली.

काकांनी डोळे उघडले नाहीत. हातानं मांडीवर ताल धरून ते घोगऱ्या आवाजात पुढं म्हणू लागले:

"...ओसरीवरी,
भाऊ उभा गो दारावरी."

आणि तिथून ते गाणं त्यांनी शेवटपर्यंत नेलं. आपल्याला ते येतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. प्रतिक्षाला फोन काढून रेकॉर्ड करायचं भानच राहिलं नाही. मग तिनं त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. ते गाणं आणि सापडलेली बाकीची सगळी गाणी यांची झिप करून तिनं लीयाकडे धाडली. आधी मात्र ती नीट उघडते का, ते स्वतः तपासलं.

लीयाचा व्हिडिओ कॉल आला. तिला मराठी जेमतेम यायचं. "आजोबा, बरा हाय?" एवढं विचारून ती पोर रडायलाच लागली.

पुढच्या महिन्यात काकांनी मलिदा केला, त्यांच्या लोकांतला नवस-आभाराचा प्रसाद-विधी. पेणहून, अलिबागहून, ठाण्याहून नातलग आले. घर बऱ्याच वर्षांनी भरलं. प्रार्थना झाल्यावर भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, फळं यांची पानं फिरली आणि काकांनी गाणी लावली. एक म्हातारी बाई पुढं सरकून लॅपटॉपला कान लावून बसली. मग हळूच तिनं प्रतिक्षाला विचारलं, "गो बाय, येवढ्याशा डब्यात आमची रेचल बसली कशी?"

प्रतिक्षाला सगळं ठाऊक होतं. खूण, नाव, आकार, आकडा. तिनं सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की या बाईइतकंच नवल तिलाही वाटतंय. ती त्या बाईच्या शेजारी मांडी घालून बसली आणि ऐकू लागली.