मुलीचे हृदय आणि पत्रिकांच्या पिशवीतली दोन पाने

"हा एट्रियल फ्लटर आहे," ईसीजीची पट्टी उजेडाकडे धरत डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी भराभर फडफडत राहतात.

माझी मुलगी अश्विनी, वय एकेचाळीस, पलंगावरून माझ्याकडे बघत होती. "अण्णा, ऑफिसचा ताण म्हणत होता ना तुम्ही?"

म्हणत होतो. तीन महिने म्हणत होतो. तिच्या छातीत धडधड सुरू व्हायची आणि अर्ध्या तासात आपोआप थांबायची. त्या रविवारी ती जयनगरला आमच्याकडे जेवायला आली आणि ताटावर बसल्या बसल्या तिला अंधारी आली. जावई निखिलने रिक्षा बोलावली आणि आम्ही रुग्णालय गाठले.

"लहानपणी कसलं ऑपरेशन झालंय?" डॉक्टरांनी विचारले.

"छोटं भोक होतं, बुजवलं. अण्णांना सगळं माहीत आहे," अश्विनी म्हणाली.

मला सगळे माहीत होते, म्हणूनच हे लिहितो आहे. शिवाय एकोणऐंशीव्या वर्षी मी जे पाहिले, ते कधी एकदा सांगतो असे मला झाले आहे!

भोक छोटे नव्हते. दुखण्याचे नाव टेट्रालॉजी ऑफ फॅलो. जन्मतःच हृदयात एकत्र असलेले चार दोष. त्यांतले मुख्य म्हणजे खालच्या कप्प्यांमधले मोठे छिद्र आणि फुप्फुसांकडे जाणारी अरुंद वाट. अश्विनी रडली की ओठ निळे पडत. चौथ्या वर्षी तेव्हाच्या मद्रासला शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना सर्जननी दोन पानांचे पत्र दिले. कुठे कापले, कुठे ठिगळ लावले ते त्यात होते. शेवटी लिहिले होते: आयुष्यभर दरवर्षी तपासणी, आणि बाळंतपण हृदयतज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

ती कॉलेजात जाईपर्यंत मी दरवर्षी नेत होतो. मग स्थळे पाहायला लागलो. "आता तपासणीची गरज नाही म्हणालेत," असे तिला सांगितले. पुण्याच्या मंडळींना, म्हणजे निखिलच्या घरच्यांना, छातीवरच्या व्रणाबद्दल "छोटं भोक होतं" एवढेच. पत्र फाइलमधून काढले. माझी पत्नी, जी आज नाही, म्हणाली, "निदान पोरीला तरी द्या." मी म्हणालो, "तिला दिलं तर ती सासरी सांगेल. ती तशीच आहे."

मी सरकारी कारखान्यात यंत्रे तपासायचो. दुरुस्त झालेल्या यंत्राबरोबर हिस्ट्री कार्ड नसेल, म्हणजे आधी काय मोडले आणि काय बदलले याची नोंद नसेल, तर साहेब ओरडले तरी मी सही करत नसे. आणि पोटच्या पोरीचे कार्ड मी जुन्या पत्रिकांच्या पिशवीत टाकले. लग्न जमल्यावर पत्रिका कोण उघडतो?

गोळ्यांनी ठोके तात्पुरते ताब्यात आले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "अंकल, जुना कागद मिळाला तर आम्हाला स्वल्प सोपं जाईल. नसला तरी करूच, पण वाट शोधत जावं लागेल."

"मी चेन्नईला मेल करतो," निखिल म्हणाला.

"नको," मी म्हणालो. "कागद घरी आहे."

तासाभरात आणून दिला. निखिल वाचत गेला आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

"बाळाच्या वेळी सातव्या महिन्यात ही चक्कर येऊन पडली, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही फोनवर म्हणालात, लिंबू सरबत द्या!"

अश्विनीने त्याच्या हातून पाने घेतली आणि डॉक्टरांपुढे धरली. "आधी हे वाचा. भांडण नंतर."

मग ठरले अॅब्लेशन. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, वीज कुठून कुठे जाते त्याचा नकाशा काढतात आणि नेमकी चुकीची वाट उष्णता देऊन बंद करतात. चार तास आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर बसलो होतो. निखिल बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मात्र कॉफी आणली ती दोन कप.

दार उघडले आणि डॉक्टर म्हणाल्या, "या, दाखवते!"

पडद्यावर माझ्या मुलीचे हृदय होते, रंगांत. जुन्या टाक्याच्या व्रणाभोवती वीज गोल गोल फिरत होती, फिरतच होती, बाहेर पडायला वाटच नाही. "पत्रात लिहिलंय अगदी तिथेच," त्या म्हणाल्या. "आम्ही इथे बांध घातला." मग त्यांनी त्या क्षणाची नोंद लावली. दातेरी, दातेरी, दातेरी रेघ. अचानक सपाट. आणि मग एक ठोका. स्वच्छ, सावकाश. दुसरा. तिसरा! मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

"अंकल, हे दोन तासांपूर्वीचं आहे, बसा!" सगळे हसले. निखिलसुद्धा.

लहानपणी ज्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, त्यांना हात जोडून सांगतो: बरे होणे वेगळे, संपणे वेगळे. व्रण मागे राहतो आणि वीस-तीस वर्षांनीही ठोके बिघडवू शकतो. धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घ्या. उपचारानंतरही हृदयात दुसरीकडे पुन्हा काही सुरू होऊ शकते, म्हणून तपासणी सोडू नका. आणि आईबापांनो, मूल अठरा वर्षांचे झाले की कागद त्याच्या हाती द्या. तो त्याचाच आहे.

त्या डॉक्टरांचे आणि मद्रासच्या त्या सर्जनचे उपकार फिटणार नाहीत. सर्जननी दोन पाने इतकी नीट लिहिली होती की छत्तीस... नव्हे, सदतीस वर्षांनी ती कामाला आली.

घरी आल्यावर अश्विनीची माफी मागितली. "आत्ता नाही जमणार, अण्णा," ती म्हणाली. "पण पुढच्या तपासणीला चला. बोलेन मी, तुम्ही ऐकायचं."

हा मजकूर मी तिला वाचायला दिला. पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते, 'माझ्या हातून चूक झाली.' तिने पेन मागून ते खोडले.

"चूक नाही झाली. जे केलंत तेच लिहा."

मी लपवले.