शुद्ध घराण्याचे भुंगेरे

भुंगेऱ्यांच्या त्या शेडमध्ये पाऊल टाकलं की किनुए नाक दाबून धरायची. आंबलेला लाकडाचा भुसा आणि त्यात सडलेल्या अळ्या! हात कितीही घासले तरी भाताच्या घासाला तोच वास. पण नवरा गेल्यावर थोरल्या दिरांनी, तोकुझोंनी, तिला कामाला ठेवलं होतं. मोठ्या जबड्यांचे काळे भुंगेरे वाढवून ते घरी पाळणाऱ्या हौशी लोकांना विकत. "आपलं घराणं शुद्ध," हे त्यांचं पालुपद. म्हणजे काय, तर सख्ख्या बहीणभावांचीच जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांचीही तशीच.

माद्यांना ते नको असायचं. भाऊ जवळ आला की मादी ओंडक्याखाली दडून बसायची. चिडलेला नर तिला चावून मारील म्हणून तोकुझो त्याचे जबडे तारेने बांधत आणि दोघांना मुठीएवढ्या डबीत कोंबत.

"भाऊजी, तिला तो नकोय हो."

"किड्याला कसली आलीय आवडनिवड? झाकण लाव!"

त्यांच्या अळ्या काळ्या पडायच्या आणि डबीतच त्यांचं पाणी व्हायचं. जगल्यावाचल्या त्यांचे भुंगेरे व्हायचे, पण पंख मिटत नसत. पालथे पडून पाय झाडत राहायचे. ते चमच्याने उचलून बादलीत टाकायचं काम किनुएचं.

उन्हाळ्यात ओकच्या चिकाला चिकटलेला एक रानटी नर तिला दिसला. खुरटा, एका पायाने लंगडा. तिने तो गुपचूप आणून मादीच्या पेटीत सोडला. मादीने मिशांनी त्याला चाचपलं आणि ती जागची हलली नाही.

पुढे त्या पेटीत पांढऱ्याशुभ्र, जाडजूड अळ्या निघाल्या. किनुएने खरं सांगून टाकलं. तोकुझो कडाडले, "घराणं बाटवलंस, कर्मदरिद्री!" मग अळ्या तळहातावर घेऊन बराच वेळ न्याहाळत बसले.

रविवारी गिऱ्हाईक आलं. "अस्सल घराणं. बाहेरचा एक थेंब नाही," तोकुझो त्याच अळ्या दाखवत हसतमुखाने सांगत होते.

"यांचा बाप रानातला आहे," किनुए म्हणाली.

गिऱ्हाईक हसलं. "असू दे हो, मावशी. डबीवर घराण्याचं नाव घाला म्हणजे झालं."

तिला त्या दोघांचीही शिसारी आली. हातमोजे तिथेच टाकून ती निघाली आणि गावातल्या लाँड्रीत चादरींच्या घड्या करायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात तोकुझो द्राक्षांची पेटी घेऊन दारात आले. आवाज खाली आणून म्हणाले, "आणखी एखादा रानटी नर मिळेल का गं?"

किनुएने दार लावून घेतलं.