धाकट्या जावेची ट्रायल

माझ्या धाकट्या जावेला देवानं जन्माआधी विचारलं असतं की बाई, पृथ्वीवर जातेस का, तर तिनं आधी पृथ्वीचा नमुना मागितला असता. तोही वरवरचा नाही. थोडा वरचा, थोडा मधला आणि थोडा अगदी तळाचा. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत ती बी तपासते. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवायचं, किती उगवतं ते बघायचं आणि कमी उगवलं की अख्खा लॉट नापास करायचा, हे तिचं काम. ते तिच्या अंगात इतकं भिनलंय की घरी आल्यावरही समोरचा माणूस तिला पास किंवा नापास एवढाच दिसतो. मी उसळीसाठी मटकीला मोड आणले की ही वरच्या मजल्यावरून खाली येते, फडकं सोडते, एकेक मोड चिमटीत धरून उजेडात बघते आणि मान हलवते, "ताई, ह्याच्यात वाकडे लई आहेत." एका लग्नात वाढप्यानं लाडूंची परात पुढं केली तर हिनं कोपरापर्यंत हात घालून तळाचा लाडू काढला. "वर चांगलाच ठेवतात, ताई," असं मला समजावून सांगितलं. माझ्या दिराशी लग्न ठरवतानाही तिनं हेच केलं. बघायच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी त्याच्या हातात देऊन तिनं विचारलं, "रागावल्यावर कसे दिसता?" तो बिचारा ओशाळून हसला. "हे न्हाई, रागाचं दाखवा." मग तिनं त्याची वहिनी कोणती म्हणून चौकशी केली, मला खालून वर आणि वरून खाली न्याहाळलं आणि लग्नाला होकार दिला. दिराला आजही वाटतं की ती त्याला बघून हो म्हणाली.

अशा या बाईला मुलगी झाली. बाळंतपणाची रजा संपत आली आणि घरात स्वातंत्र्याचा नुसता सुकाळ झाला. दीर म्हणाला, "नोकरी कर, घरी राहा, बिलकुल तुझी मर्जी. आपल्याला दोन्ही चालतं." आणि त्याच दमात, आपला टॉवेल कुठं आहे ते विचारलं. सासूबाई वाटूरला शेतावर असतात. त्यांनी फोनवर सांगितलं, "आमची काही जबरदस्ती न्हाई बाई. फक्त लेकराला आईच लागती, एवढं ध्यानात ठेव." भोकरदनहून तिच्या आईचा फोन आला, "मर्जी तुझी. फक्त एवढं शिकवलंय, ते पाण्यात घालू नको." तिचे साहेब म्हणाले, "मॅडम, दबाव बिलकुल नाही. फक्त सीझनच्या आत या." सगळ्यांनी तिला इतकं मोकळं सोडलं की बाई महिन्याभरात वाळून गेली. एका संध्याकाळी पोरीला मांडीवर घेऊन माझ्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "ताई, सगळे मर्जी तुझी, मर्जी तुझी करून राह्यले. मला माझी मर्जी सापडूनच न्हाई राह्यली." हे मात्र ती हसत म्हणाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा उजळला होता. "ट्रायल घ्यायची," तिनं जाहीर केलं. "ट्रायल घेतल्याबिगर आपण साधा भेंडीचा वाण बाजारात सोडत न्हाई. मंग मी माझा जन्म कसा काय सोडू?" एक आठवडा ती नुसती घरी राहणार होती, एक आठवडा नुसती कंपनीत जाणार होती. शिवाय नव्या वाणाशी तुलना करायला शेजारी जुना, माहितीतला वाण लावतात, त्याला त्यांच्याकडं चेक म्हणतात. तो चेक म्हणजे माझा दीर. ती कंपनीत असताना त्यानं एक आठवडा रजा घेऊन एकट्यानं पोरगी सांभाळायची होती. अट एकच, प्लॉटांमध्ये अंतर पाळायचं. दोन वाण जवळजवळ असले की वाऱ्यानं एकाचे पराग दुसऱ्यावर जातात आणि बी भेसळीचं निघतं. म्हणून घरच्या आठवड्यात कंपनीचा फोन नाही आणि कंपनीच्या आठवड्यात घरचा नाही. सगळ्यांनी जोरात माना डोलावल्या. माना डोलवण्यात आमचं घर पूर्वीपासून पुढं आहे.

घरच्या आठवड्यात पहिल्याच सकाळी साहेबांचा "एकच मिनिट" म्हणून फोन आला. दुपारी कंपनीची जीप आली आणि ड्रायव्हरनं बियांच्या गुंडाळ्या वर आणून ठेवल्या, "मॅडम, नुसती नजर टाका." हळूहळू पाळण्याखाली कपाशी, टेबलावर मिरची आणि कपाटावर टोमॅटो उगवायला लागला. उन्हानं कागद वाळू नये म्हणून तिनं एक मोठी गुंडाळी बाळाच्या मऊ दुपट्यात गुंडाळून पलंगावर ठेवली होती. नेमक्या तेव्हाच शेजारच्या शेठाणीकाकू बाळाला बघायला आल्या, चष्मा घरी विसरून. त्यांनी त्या कपाशीच्या गुंडाळीला काजळाची तीट लावली, बोटं मोडली आणि म्हणाल्या, "किती शांत आहे हो! बिलकुल बापावर गेली." माझा दीर दारातच उभा होता. तो इतका खूश झाला की खरं सांगायचा कुणाला धीर झाला नाही.

कंपनीच्या आठवड्यात उलट झालं. दिवसा पोरगी माझ्याकडं असायची, दीर कामावर जायच्या आधी तिला खाली आणून द्यायचा. ती गेटातून आत शिरते न शिरते तोच दिराचा फोन, झबलं उलटं घातलंय की सुलटं हे कसं ओळखायचं. नंतर सासूबाईंचा, पोरगी शिंकली का. पोरगी झोपेना म्हणून तिनं प्रयोगशाळेतून फोनवर अंगाई म्हटली, रोज म्हटली. आठवडाअखेर तिच्या सगळ्या मैत्रिणींना ती पाठ झाली आणि साहेब मीटिंगमध्ये ती गुणगुणताना सापडले. एका लॉटच्या चिठ्ठीवर वाणाच्या नावाच्या जागी तिनं पोरीचं नाव लिहिलं आणि तो लॉट न तपासता पास करून टाकला. तिच्या हातून झालेला हा पहिलाच पक्षपात.

पण खरी बहार चेकच्या आठवड्यात आली. दीर सकाळी दुपटी वाळत घालताना दिसला आणि दुपारपर्यंत गल्लीत बातमी गेली की त्याला काहीतरी मोठं दुखणं झालंय. धडधाकट माणूस कामाच्या दिवशी घरी कशाला असेल? लोक शहाळी घेऊन आले. कुणीतरी ब्लडप्रेशरचं यंत्र आणून त्याच्या दंडाला आवळलं. शेठाणीकाकूंनी मुगाची खिचडी पाठवली. "अहो, मी पोरगी सांभाळून राह्यलो," तो सांगायचा, तसतसे लोक एकमेकांकडे बघायचे आणि आवाज आणखी खाली यायचा. तिसऱ्या दिवशी वाटूरहून एसटीनं सासूबाई दाखल झाल्या. पदराच्या गाठीत मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊनच आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी लेकाची दृष्ट काढली, स्वयंपाक हातात घेतला, पोरगी काखेत मारली आणि त्याला झोपायला सांगितलं. आणि खरं सांगते, एवढ्या सगळ्यांनी काळजी केल्यावर त्याला बारीक ताप भरला. त्या आठवड्यात त्याला कुणी एकदाही म्हणालं नाही की बाबा रे, मर्जी तुझी.

रविवारी रात्री जेवताना निकाल लागला. तिचा जो काय असेल तो निर्णय मानायला सगळे तयारच बसले होते. ती म्हणाली, "प्लॉट रिजेक्ट. अंतरच पाळलं न्हाई कुणी. घरात हापिस उडून आलं, हापिसात घर. अन् ह्यांच्या प्लॉटात तर सगळी गल्ली येऊन पडली. ह्याच्यातून निकाल काढता येत न्हाई." बोलता बोलता तिनं ताट पुढं सारलं. मी भाजी वाढायच्या निमित्तानं उठले.

सासूबाई ताटातली भाकरी कुस्करत होत्या. त्या मान खाली घालूनच बोलल्या, "आम्हाला असं कुणी इचारलंच न्हाई बाई. बाभळीला झोळी बांधायची, लेकरू तिच्यात टाकायचं अन् आपली पात धरून कापूस येचत पुढं जायचं. मागं ते रडायलं तरी पात सोडून येता येत नव्हतं. त्याला कुणी नोकरी म्हणलं न्हाई. अन् मी घरी होते असं बी कुणी म्हणलं न्हाई." दिराचा घास हातातच राहिला. त्या झोळीत तोच होता. "मी राहते इथं," त्या म्हणाल्या. "शेताची लई याद आली तर जाईन, मंग तुम्ही बघा." खालच्या मजल्यावर मी असतेच, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मला मर्जी विचारायची राहिली, पण ते असू द्या.

सकाळी ती कामावर निघाली. दारात पोरीचा पापा घेतला, स्कूटीपर्यंत गेली, परत आली, वर डोकावली, खाली आली, पुन्हा वर गेली. शेवटी चावी हातात घट्ट धरून माझ्या पायरीवर बसली आणि रडायला लागली.

"पोरगी रडते का?" मी विचारलं.

"न्हाई ना, ताई! हसून राह्यली. आजीच्या मांडीवर मजेत आहे. रडली असती तर मी राह्यले असते. एवढीशी पोरगी, तिनं बी माझ्यावरच सोडलं."

एरवी मी तिची फिरकी घेतल्याशिवाय राहिले नसते. त्या वेळी मात्र मला तिची फार माया आली. मी तिची पर्स उचलून तिच्या खांद्याला अडकवली आणि म्हणाले, "जा तू. मी सांगते म्हणून जा. उद्या वाईट वाटलं, कुणी काही बोललं, पोरीनंच मोठी होऊन विचारलं, तर माझं नाव सांग. काकूनं धाडलं म्हण."

तिनं माझ्याकडं बघितलं. नमुना तपासताना बघते तसं नाही, आपल्या थोरल्या बहिणीकडं बघावं तसं. ओढणीनं तोंड पुसलं, स्कूटी सुरू केली आणि गेली. मी पोळ्या लाटायला आत आले. एके काळी माझ्या खांद्यालाही कुणी अशी पर्स अडकवून "माझं नाव सांग" म्हणालं असतं तर मी कुठं गेले असते, ते आठवायचा बराच प्रयत्न केला. तोवर तव्यावरची पोळी करपली होती.