रस्त्याकडे तोंड

घाटातल्या त्या धबधब्यात उतरणारे लोक कणसं भाजणाऱ्या मावशींच्या टपरीपाशी चपला काढून ठेवतात. नवऱ्याने आणि मीही ठेवल्या. सकाळपासून डोंगरातली तळी, वळणावरची लहान गावं पाहत आलो होतो आणि "काय सुंदर!" म्हणून म्हणून तोंड दुखायला आलं होतं.

मावशींनी वाकून आमच्या चपला उचलल्या आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या. सगळ्यांच्याच तशा होत्या.

"असं का हो मावशी?" मी विचारलं.

"माणूस माघारी यावं म्हणून. पाण्याकडं तोंड करून ठेवू नये."

टपरीमागे, पत्र्याखाली निळ्या पट्ट्यांच्या चपलांचा एक जोड होता. स्वच्छ पुसलेला, तोही रस्त्याकडे तोंड करून. माझी नजर तिथे गेलेली त्यांनी पाहिली.

"गेल्या पावसाळ्यातला हाय. पोरीला वर काढली, घरची मानसं घेऊन गेली. रडारडीत चपला कुणाच्या ध्यानात येणार?"

समोर धबधबा कोसळत होता. पोरंपोरी हात पसरून फोटो काढत होती. एक जिवंत माणूस गिळूनही ही जागा सुंदरच कशी राहते, याचा मला संताप आला.

"मग टाकून का नाही देत?" नवऱ्याने हळूच विचारलं.

मावशी कणसाला लिंबू चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी गिऱ्हाईक लई होतं. हिच्या तेवढ्या फिरवायच्या राहिल्या."