गुंड, रोलर आणि परसवाड्याचा घाट

माझी स्कूटर इकडे मध्य प्रदेशात, आमच्या बालाघाटात कुठेही न्या, तक्रार करत नाही. वैनगंगेच्या पुलावरून जाते, बाजारात ऑटोंच्या गर्दीतून निघते, कचेरीसमोर गाय बसलेली असली तर तिला वळसा घालते. फक्त परसवाड्याच्या घाटात, आणि तेही मागे जाऊबाई बसल्या असल्या, की तिला धाप लागते. जाऊबाईंचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मते धाप गाडीला लागत नाही, चालवणारीला लागते आणि ती मग गाडीचं नाव सांगते.

आम्ही दोघी दर मंगळवारी परसवाड्याला जातो, नणंदेकडे. नणंद आम्हां दोघींहून लहान, पण तिचे गुडघे आमच्याहून म्हातारे. बसची पायरी तिला चढवत नाही, म्हणून ती घाट उतरून येत नाही आणि आम्हीच चढून जातो. तिथे ओसरीवर खडूने पट आखायचा आणि चिंचोके टाकून अष्टाचंगा खेळायचा. हा खेळ दोघींत खेळण्यात काही अर्थ नाही. एक लबाडी करते, दुसरी ती पकडते आणि तिसरी न्याय देते, तेव्हा कुठे रंग चढतो. मुलगा म्हणतो, आई, मी कारने नेत जाईन. तो नेतोही. पण दारात पोचल्यापासून किल्ली बोटावर फिरवत उभा असतो. मुलाच्या गाडीतून गेलं की जाणं होतं, बसणं होत नाही.

तर एकदा काय झालं, घाटातल्या मोठ्या वळणावर गाडी इतकी मंदावली की जाऊबाईंना उतरावं लागलं. त्या चालत निघाल्या आणि मी रिकामी गाडी घेऊन मागून. पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्या खेपेला तर वळणावरच्या माकडांनी त्यांच्या हातातली चिवड्याची पिशवी नेली. वर पोचल्यावर जाऊबाईंनी साडीची धूळ झटकली आणि शांतपणे सांगितलं, "लहाने, आता अजून एकदा मले उतरवलंस, तर मी यायची नाही. तू अन् ती खेळा दोघी."

हे त्या रागाने बोलल्या असत्या तर मी मनावर घेतलं नसतं. जाऊबाई रागात बोललेलं संध्याकाळपर्यंत विसरतात. शांतपणे बोललेलं विसरत नाहीत. घाट चढला नाही तर मंगळवार बुडाला, एवढं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने डाव्या बाजूचं झाकण काढलं आणि आतला गोल डबा उघडून दाखवला. बिनगिअरच्या गाडीत गिअरचं काम हा डबा करतो. त्यात सहा छोटे रोलर असतात, सुपारीपेक्षा जरा मोठे, वरून नायलॉन आणि आत धातूची कडी. गाडीने वेग घेतला की ते बाहेरच्या बाजूला सरकतात आणि पट्ट्याला वर ढकलतात, मग गाडी आपोआप वरच्या गिअरमध्ये जाते. माझे रोलर एका अंगाने घासून चपटे झाले होते.

"आंटी, नए डालने पड़ेंगे," तो म्हणाला. "हल्के डालूँ कि भारी? आप बोलो."

काय फरक पडतो, हे मी विचारायला हवं होतं. त्यानेही सांगायला हवं होतं, पण त्याचं लक्ष समोर चहा येतो का याकडे. मी सरळ पार्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने पुड्या फोडून काउंटरवर रोलर मांडले. दिसायला सगळे सारखे, वजनं निरनिराळी. मी एकेक तळहातावर घेतला, तोलला, नखाने टिचकी मारून कानाशी नेला. नायलॉन काय वाजणार? दुकानदार आदराने बघत राहिला. त्याला वाटलं असणार, बाईंना यातलं बरंच कळतं. आतली कडी पितळेची दिसली आणि माझा निर्णय झाला. सगळ्यांत भारी जे होते, ते सहा घेतले.

आता हे असं का केलं, ते सांगायचं तर मला एका नवरीची ओळख करून द्यावी लागेल. गोंदियाकडची, नुकतीच लग्न होऊन बालाघाटात आलेली, नाकात नथ आणि डोक्यात फार शहाणपण. तिच्या आईने तिला एकच गोष्ट नीट शिकवली होती. भांडं घेताना आधी हातात तोलायचं, मग टिचकी मारायची, हलकं असेल तर खाली ठेवून द्यायचं. सासूबाई तिला कासाराकडे पाण्याचा गुंड, म्हणजे मोठा पितळी हंडा, घ्यायला घेऊन गेल्या. नवरीने दुकानातले सगळे गुंड नापास केले आणि शेवटी कोपऱ्यातला एक निवडला, तो दुकानदारालाच दोन्ही हातांनी ओढत आणावा लागला. सासूबाईंनी विचारलं, झेपेल का. नवरी म्हणाली, आमच्याकडे असेच असतात. खोटं. आमच्याकडे मातीचा माठ होता.

रिकामा तो कसाबसा कमरेवर बसला. भरल्यावर हलेना. विहिरीवर नवरी गुंडाशेजारी उभी, गुंड जागच्या जागी, मागे पाण्यासाठी बायकांची रांग. घरी जाऊन सांगायला लाज वाटते, म्हणून दोर गुंडाळायचं नाटक चाललेलं. तेव्हा मोठ्या जाऊबाई आल्या. हसल्या नाहीत. एका कडेला हात घातला आणि म्हणाल्या, "उचल." त्या दिवसापासून रोज सकाळी तो गुंड आम्ही दोघींनी उचलला. बायकांना वाटायचं, काय प्रेम आहे दोघी जावांत. प्रेम नंतर झालं, आधी तर गुंडच होता. वर्षभराने नणंदेचं लग्न निघालं आणि सासूबाईंनी तो गुंड चिंचेने लखलखीत घासून आंदणात दिला. परसवाड्याला बैलगाडीने गेला तो. बैलांची मला अजून कीव येते.

तर ती नवरी गेली कुठेच नव्हती. पन्नास वर्षांनी पार्टच्या दुकानात माझ्याच हाताने रोलर तोलत होती.

भारी रोलर घातले आणि सपाट रस्त्यावर गाडी अशी चालली की काय सांगू. आवाज नाही, धक्का नाही, दह्यातून रवी फिरावी तशी. पुलावर मी उगीचच दोन चकरा मारल्या. मंगळवारी जाऊबाईंना म्हटलं, बसा आता आणि घाट बघा. घाट त्यांनी बघितला, पायी. गाडी मोठं वळण तर सोडाच, त्याच्या आधीच्या चढावर गुरगुरून थांबायला लागली. गाडीचा बेत बघून माकडंही जवळ सरकली.

जाऊबाई उतरल्या. रोलरची गोष्ट मी त्यांना मोठ्या ऐटीत आधीच सांगून बसले होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुन्हा गुंड आणला का वो तू?"

एवढंच. पुढे अर्धा घाट त्यांना हसू आवरत नव्हतं. ते हसू पाहून मी धीर केला आणि अजून एका मंगळवाराची मुदत मागितली. त्यांनी दिली. म्हणाल्या, हा शेवटचा.

मेकॅनिककडे जाऊन मी यावेळी नीट विचारलं. भारी रोलर लवकर बाहेर पळतात, म्हणून गाडी लवकर वरच्या गिअरला जाते आणि चढावर जोर राहत नाही. हलके असतील तर उशिरा पळतात, गाडी खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहते आणि चढते. मग काय, मी दुसऱ्या टोकाला गेले. सगळ्यांत हलके घालून घेतले आणि जाऊबाईंना शनिवारीच गावात एक फेरी मारायला नेलं. गाडी ओढायला तयार, पण आवाज असा की मिक्सरमध्ये कोणी फुटाणे टाकलेत. जाऊबाई मागून काहीतरी सांगत होत्या. मी "हौ, हौ" करत होते. उतरल्यावर कळलं की त्या पूर्ण वेळ विचारत होत्या, मी बहिरी झाले का. त्यांनी निकाल दिला, "घाट चढंल हे. पण रस्ताभर बोलता नाही येत तर मंगळवारी जायचं कायले?"

बरोबर होतं. आमच्या मंगळवारची निम्मी बोलणी स्कूटरवरच होतात. सुनांची, सोयऱ्यांची, देवळातल्या पुजाऱ्याच्या नव्या चष्म्याची. नणंदेकडे पोचेपर्यंत विषय पिकलेला असतो.

त्या रात्री जेवताना नात म्हणाली, आजी रुक, कुछ दिखाती हूँ. मराठी तिला कळते, बोलताना हिंदी येते. तिने फोनवर बर्फावर पळणाऱ्या गाड्या दाखवल्या. चाकं नाहीत, पुढे पाट्या आणि मागे पट्टा. मला तर परसवाड्याच्या घाटात पडलेला बर्फच दिसायला लागला, आणि त्यात जाऊबाई पायी. पण तिला दाखवायचं होतं ते वेगळंच. तिथेही असाच डबा, अशीच वजनं. फक्त त्या वजनांना भोकं होती आणि एक माणूस त्यांत बारके स्क्रू घालत होता, कधी टोकाला, कधी मध्ये. बर्फ कसा आहे, चढ किती आहे, मागे कोण बसलंय, ते पाहून थोडं वाढवायचं, थोडं काढायचं.

"म्हणजे एकदम भारी किंवा एकदम हलकं असं नसतं?"

"नहीं आजी. बीच का भी होता है," ती म्हणाली आणि माझ्या ताटातला पापड घेऊन गेली.

समोर भात होता. आमच्याकडे नवा तांदूळ आला की नुसता शिजवत नाहीत, गिचका होतो. नुसता जुना घातला तर मोकळा होतो, पण चव नसते. दोन्ही मिसळतो. इतकी वर्षं मी रोज ते करत आलेय आणि गाडीच्या बाबतीत मला सुचलं नाही. नवरीला सुचणं तर शक्यच नव्हतं. तिने गिचकाच भात केला असता आणि आमच्याकडे असाच करतात म्हणाली असती.

सोमवारी मी काढून ठेवलेले भारी रोलर घेऊन मेकॅनिककडे गेले, हलके गाडीत होतेच. तीन भारी, तीन हलके घाल म्हटलं. तो म्हणाला, डालते हैं लोग, पर एक छोड़के एक, नाहीतर डबा थरथरेल. घाल बाबा, एक सोडून एक घाल.

मंगळवारी निघालो. पूल ओलांडला, गाव मागे पडलं. सपाटीवर आवाज होता, पण अंगावर येणारा नव्हता. जाऊबाईंनी पुजाऱ्याचा विषय काढला आणि मी तो पूर्ण ऐकला. चढ लागला तसं इंजिन जरा गाऊ लागलं, वेग कमी झाला, पण गाडी चालत राहिली. मोठं वळण दिसलं. आरशात मला दिसलं की जाऊबाईंनी सवयीने साडीचा काठ गोळा करून धरलाय, उतरायच्या तयारीत. बोलले असते तर गाडी ऐकून थांबली असती, अशी मला भीती.

वळण आलं. माकडं कठड्यावर रांगेत बसलेली. आम्ही त्यांच्या समोरून हळूहळू, पण बसल्या बसल्या गेलो. एक मोठा वानर तर उठून उभा राहिला.

"अवो थांब न," मागून आवाज आला. "मी त्याइच्यासाठी केळी आणली व्हती."

"आता थांबली तर पुन्हा उचलायची नाही गाडी," मी म्हटलं.

जाऊबाईंनी चालत्या गाडीवरून केळी फेकली. काठ सोडला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग घाट संपेपर्यंत पुजाऱ्याचंच चाललं होतं.

नणंद ओसरीवर पट आखत होती. आम्हाला इतक्या लवकर पाहून तिने आधी दारातून रस्त्यावर नजर टाकली, कोणी चालत मागे राहिलंय का पाहायला. मग सगळी हकिकत ऐकली, जाऊबाईंनीच सांगितली, मीठमसाला लावून. नणंद उठली, गुडघा धरत आत गेली. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिने तिथे पितळेचा गुंड टेकून ठेवलाय, पूर्वीपासून. त्यावर तिने हाताने थाप मारली.

"वहिनी, आता गाडी ओढते तर आपला गुंड घेऊन जा परत."

"ठेव तो तिथंच," जाऊबाई म्हणाल्या आणि चिंचोके मुठीत घेतले. "तो चढला तर मले उतरावं लागते."