डावीकडे वळलं की सिंह

बुडापेस्टला एकदाही न जाता तिथे रोज रस्ता चुकणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो शारजात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. हमरिया फ्री झोनमध्ये या गृहस्थांचा मसाल्यांचा व्यापार. मुलगी डॉक्टर व्हायला बुडापेस्टला गेली आणि यांनी ते अख्खं शहर पाठ करायला घेतलं. कारण साधं होतं. फोनवर पोरगी "जेवले, ऑल फाइन, बाय" एवढ्यावर आटपायची, आणि यांना तिच्याशी बोलायला काहीतरी विषय हवा होता. ऑफिसात आलेल्या गिऱ्हाइकाला चहा येईपर्यंत तिथले सगळे पूल महायुद्धात कसे पडले ते ऐकावं लागे; चहा पिऊन झाला तरी ते पुन्हा बांधून व्हायचे असत. "ऑर्डर पक्की, इन्शाल्ला," म्हणत गिऱ्हाईक सुटका करून घेई.

डॅन्यूब नदी नीट कळावी म्हणून त्यांनी दुबईच्या खाडीलाच डॅन्यूब केलं. बर दुबई म्हणजे टेकडीवरच्या राजवाड्याचं बुडा, पलीकडचं देरा म्हणजे संसदेचं पेस्ट. खाडी ओलांडणाऱ्या होडीत मला बसवून ही दोन गावं एक कशी झाली ते त्यांनी इतकं रंगून सांगितलं, की उतरताना मी खिशात पासपोर्ट चाचपला. घोळ एवढाच, की खाडीचं तोंड उत्तरेला आणि डॅन्यूब तिथे वाहते दक्षिणेला. त्यामुळे यांचं डावं ते तिथलं उजवं; वाहत्या पाण्याकडे तोंड केलं की यांचा राजवाडा डाव्या हाताला, खरा उजव्या. हे मी समजावायला गेलो आणि थोड्याच वेळात माझं स्वतःचं घर कुठल्या अंगाला आहे ते मला सांगता येईना.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे बसलो असताना पोरीचा फोन आला. ती रस्ता चुकली होती. गृहस्थ फोन स्पीकरवर टाकून आनंदाने उभेच राहिले.

"घाबरू नकोस. डावीकडे वळ, दगडी सिंह दिसले की पूल आलाच."

सिंह काही येईनात. तासभर पोरगी चालत राहिली आणि बोलत राहिली. थंडीबद्दल, परीक्षेच्या भीतीबद्दल, आईच्या हातच्या आमटीबद्दल. गृहस्थ मधूनमधून डावीकडे वळवत होते. मला तर बापाचा रागच आला.

उन्हाळ्यात ती घरी आली, तेव्हा मी तिला तो प्रसंग विचारला. ती हळूच म्हणाली, "काका, तीन वर्षं राहतेय मी तिथे. सिंह समोरच होते. आय जस्ट वॉन्टेड टू टॉक. विषयच सुचेना."

तेवढ्यात आतून गृहस्थांनी विचारलं, नदी वाहते तिकडे तोंड केलं की राजवाडा कुठल्या हाताला?

"लेफ्ट, बाबा," ती म्हणाली आणि आत त्यांच्याजवळ जाऊन बसली.